कुस्को ते पुनो : दिवसभराचा एकेरी बसप्रवास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरूहून परतल्यापासून आम्हाला माचू पिचूपेक्षा या बसबद्दलच जास्त विचारणा होते. माचू पिचूची व्यवस्था कुठलीही टूर कंपनी करून देते. पण कुस्को शहर आणि तितिकाका सरोवर यांच्यामधल्या सुमारे ३९० किलोमीटरचं काय करायचं, इथे सगळे अडतात, आणि बहुतेक जण शेवटी रात्रीच्या बसने झोपेत तो रस्ता पार करतात. त्याची मला फार हळहळ वाटते, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे. आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि माझी ६७ वर्षांची आई.

ही बस म्हणजे नेमकं काय?

सकाळी सातच्या सुमारास कुस्कोहून निघते आणि संध्याकाळी पाचच्या आसपास तितिकाकाकाठच्या पुनो शहरात सोडते. वाटेत चार-पाच ठिकाणी थांबते: एक जुनं चर्च, एक इंका मंदिर, दुपारचं जेवण, एक घाट आणि एक छोटं संग्रहालय. सोबत इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणारा गाइड असतो. प्रवास एकेरी असल्यामुळे तुमच्या बॅगा बसच्या पोटात तुमच्याबरोबरच येतात, परत कुस्कोला यायचं नसतं. स्थानिक लोक या रस्त्याला 'रुता देल सोल', म्हणजे सूर्यमार्ग म्हणतात. अशा बस चालवणाऱ्या अनेक कंपन्या आहेत, आणि थांबे थोड्याफार फरकाने सगळ्यांचे तेच.

साधी बस सहा-सात तासांत पोचवते. मग दहा तास कशाला?

कारण या रस्त्यावर जमीन बदलताना दिसते. सकाळी तुम्ही विल्कानोता नदीच्या खोऱ्यात असता. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, निलगिरीची झाडं, कौलारू मातीची घरं. हीच नदी पुढे उरुबांबा नावाने माचू पिचूच्या पायथ्याशी वळसा घालते. बस घाटापर्यंत तिच्या उगमाकडे चढत जाते. मका संपतो, मग झाडं संपतात, मग फक्त 'इचू' नावाचं पिवळं ताठ गवत आणि त्यात चरणारे अल्पाका, म्हणजे लोकरीसाठी पाळलेले उंटाच्या कुळातले प्राणी, उरतात. घाट ओलांडला की समोर सपाट, अफाट पठार पसरतं, त्याचं नाव आल्तिप्लानो. कराडहून महाबळेश्वरला चढताना झाडी बदलत जाते, तसंच काहीसं. फक्त इथे सगळं तीन-चार पट मोठ्या मापाचं. विमानाने किंवा रात्री गेलात तर कुस्को आणि पुनो ही दोन सुटी शहरं वाटतील. दिवसा गेलात की एकातून दुसरं कसं उगवतं ते कळतं.

कुस्कोहून पुनोला जावं की उलट?

कुस्कोहून पुनोला. बस दोन्ही दिशांनी धावते, पण उंचीचा हिशेब बघा. पेरूची राजधानी लिमा समुद्राकाठी आहे. तिथून थेट हुलियाका विमानतळावर उतरलात (पुनोसाठी तोच विमानतळ) तर एका फटक्यात ३,८२५ मीटरवर जाता. शरीर त्याला तयार नसतं. त्याऐवजी आधी उरुबांबा खोऱ्यात, २,८०० ते २,९०० मीटरवर दोन रात्री, मग माचू पिचू (२,४३० मीटर), मग कुस्को (३,४०० मीटर) आणि शेवटी पुनो (३,८२७ मीटर), अशी पायरी-पायरीने चढण होते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. कुस्को ते पुनो त्यात नेमकं बसतं.

आई-बाबांना झेपेल का? उंचीचा त्रास होतोच का?

लेहला जाऊन आलेल्यांना अंदाज येईल: कुस्को साधारण लेहच्याच उंचीवर आहे. बस ज्या ला राया घाटातून जाते त्याची उंची सुमारे ४,३३५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्के असतो. पण घाटात थांबणं दहा-पंधरा मिनिटांचं असतं आणि चालणं जवळजवळ नसतंच.

आईला आम्ही कुस्कोत आधी तीन दिवस ठेवलं. पहिल्या दिवशी ती नुसती पडून होती, डोकं दुखत होतं, जेवण नको म्हणत होती. तिसऱ्या दिवशी बाजारात एकटी फिरून आली, तेव्हा आम्ही बसची तिकिटं काढली. हा क्रम मोडू नका. तिकीट आधी काढून ठेवलं की अंगात बरं नसतानाही माणूस निघतो.

हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स) ही गोळीही त्यांच्या सल्ल्यानेच घ्या; सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती घेण्याआधी तसं आवर्जून सांगायला हवं. आदल्या रात्री हलकं जेवा, दारू नको, पाणी भरपूर. बसलेल्या जागीही धाप लागणं, सतत खोकला, चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं ही साधी डोकेदुखी नव्हे. अशा वेळी गाइडला लगेच सांगायचं आणि कमी उंचीवर जायचं. बऱ्याच पर्यटक बसमध्ये प्राणवायूचा सिलिंडर असतो. तिकीट काढताना तो आहे ना, हे विचारून घ्या.

कोकाचा चहा प्यावा का?

पेरूमध्ये कोकाची पानं कायदेशीर आहेत. बसमध्ये आणि हॉटेलात पानांचा चहा सर्रास देतात. चव साधारण सौम्य गवती, आपल्या गवती चहापेक्षा कडवट. डोंगरातले लोक शतकानुशतकं ही पानं चघळत आले आहेत. आम्ही प्यायलो, बरं वाटलं. मात्र एक पानही बॅगेत राहू देऊ नका, चहाच्या पुड्यासुद्धा नाही. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, अमेरिकेतही ते नेता येत नाही.

पहिल्या थांब्यावर नुसतं चर्चच आहे ना?

आंदावायलियास हे गाव कुस्कोहून सुमारे ४० किलोमीटरवर. बाहेरून चर्च इतकं साधं दिसतं की काही जण बसमधून उतरायचाच कंटाळा करतात. उतरा. हे सेंट पीटरचं चर्च जेझुइट मिशनऱ्यांच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आत छतापासून भिंतीपर्यंत एकही बोट मोकळं नाही: रंगवलेलं लाकडी छत, सोन्याचा मुलामा दिलेली वेदी आणि लुइस दे रियान्योची भित्तिचित्रं. दाराजवळच्या भिंतीवर स्वर्गाची आणि नरकाची वाट रंगवली आहे. स्वर्गाची वाट अरुंद आणि काट्यांची, नरकाची रुंद आणि फुलांची. वाचता न येणाऱ्या माणसाला कीर्तनकार दृष्टांत देतो, तोच हेतू.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते बाप्तिस्म्याच्या खोलीच्या दारावरच्या मजकुराने. 'मी तुझा बाप्तिस्मा करतो' हे वाक्य तिथे पाच भाषांत लिहिलं आहे: लॅटिन, स्पॅनिश आणि इथल्या डोंगरातल्या केचुआ, आयमारा आणि पुकीना. पुकीना भाषा आता कोणी बोलत नाही. त्या काळी इथे हुआन पेरेस बोकानेग्रा नावाचे धर्मगुरू होते. त्यांनी १६३१ साली लिमात छापलेल्या पुस्तकात केचुआ भाषेतलं एक स्तोत्र स्वरलिपीसह आहे, आणि अमेरिका खंडात छापलं गेलेलं ते पहिलं बहुस्वरी (एकाच वेळी अनेक चालींत गायचं) गायन मानतात. गोव्यातल्या फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालचं. पृथ्वीच्या दोन टोकांना, पंधरा वर्षांच्या अंतराने, मिशनरी लोकांच्या भाषेत लिहायला बसले होते. आत फोटो काढू देत नाहीत. डोळे भरून बघा.

राक्चीच्या इंका मंदिरात किती वेळ मिळतो? गाइड घाई करतात असं ऐकलंय.

पाऊण ते एक तास. कमी आहे, हे खरं. म्हणून बाजारात आधी वेळ घालवू नका, थेट भिंतीकडे चला.

राक्चीला विराकोचा या देवाचं इंकाकालीन मंदिर होतं. लांबी ९२ मीटर, रुंदी साडेपंचवीस मीटर, आणि मधोमध अठरा-वीस मीटर उंचीची भिंत. तिच्या दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गोल खांब होते आणि त्या सगळ्यावर एकच प्रचंड उतरतं छप्पर. छप्पर गेलं, खांबांचे बहुतेक बुंधेच राहिले, भिंत मात्र उभी आहे.

कुस्कोत तीन-चार दिवस दगडी इंका बांधकाम बघून डोळे सरावलेले असतात: चुन्याशिवाय बसवलेले दगड, ज्यांच्या सांध्यात सुरीचं पातंही शिरत नाही. राक्चीला खालचे सुमारे तीन मीटर तसेच आहेत, पण त्यावर सगळी उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची मातीची भिंत. आई तिच्या सावलीत उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही तर आपल्या वाड्याची भिंत." तिचं माहेर नगर जिल्ह्यातलं. खाली घडीव दगडाचं जोतं आणि वर पांढरीच्या मातीची भिंत, वाड्याची आणि गावच्या गढीचीही. त्या गढीच्या भिंती तिच्या लहानपणी उभ्या होत्या. वरचं छप्पर गेलं, पाणी मुरलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेका पावसाळ्यात ढासळत गेल्या. इथे भिंतीच्या माथ्यावर कौलांची अरुंद टोपी घातली आहे, पाऊस आत शिरू नये म्हणून. आई बराच वेळ त्या कौलांकडेच बघत होती. एवढंच करायला हवं होतं, म्हणाली.

मंदिराच्या पलीकडे 'कोल्का' म्हणतात ती गोल कोठारं आहेत. एकूण १५२ होती, रांगांमध्ये, सगळी एकाच मापाची. काही पुन्हा बांधून दाखवली आहेत. धान्य, सुकवलेले बटाटे, कापड असा साठा त्यात राहायचा. आजूबाजूला पसरलेला काळा दगड किन्साचाता ज्वालामुखीचा आहे. आपल्याकडचा काळा पत्थरही लाव्ह्याचाच, त्यामुळे पायाखालची जमीन ओळखीची वाटते. चौकात गावातल्या बायका मातीची भांडी विकतात, गाव त्यासाठीच नावाजलेलं आहे.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं. जेवण बहुतेक कंपन्यांच्या तिकिटात धरलेलं असतं, सिकुआनी गावाच्या आसपास, बुफे पद्धतीचं. तिकीट काढतानाच शाकाहारी असल्याचं लिहून द्या आणि सकाळी गाइडला पुन्हा सांगा. नुसतं 'वेहेतारियानो' म्हटलं तर कोंबडी चालते असा समज होऊ शकतो, म्हणून पूर्ण म्हणा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नको. सूप दिसायला भाज्यांचं असलं तरी हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, तेवढं विचारा.

आम्हाला किन्वाचं सूप, उकडलेले बटाटे, मोठ्या दाण्यांचं मक्याचं कणीस, भात आणि ताजं चीज मिळालं. बटाट्यांचे चार प्रकार होते, त्यात एक जांभळा. बटाटा मूळचा याच डोंगरांतला, तितिकाकाच्या परिसरातला. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि त्यांच्याच 'बटाटा' या शब्दासकट राहिला. 'चुन्यो' मिळाला तर चाखून बघा: रात्रीच्या कडाक्यात गोठवलेला, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढलेला आणि उन्हात वाळवलेला बटाटा. वर्षानुवर्षं टिकतो. चव मातकट, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

उपवास करणाऱ्यांसाठी एक आनंदाची गोष्ट. तिथे 'किविचा' म्हणून जे बारीक दाणे मिळतात तो राजगिऱ्याचाच भाऊ, आणि त्याची वडी थेट आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीसारखी. शेंगदाणे, रताळी, बटाटा, साबुदाण्याचा कसावा, सगळं दक्षिण अमेरिकेतून आलेलं. आईची संकष्टी नेमकी त्या दिवशी होती. तिने बुफेच्या टेबलावर उपवासाचं अख्खं ताट जमवलं.

ला राया घाटात काय बघायचं?

गाडीतून सावकाश उतरा, पळू नका. समोर चिंबोया हे बर्फाचं शिखर, रस्त्याला लागून रेल्वेचा रूळ, शेजारी लोकरीच्या वस्तूंची दुकानं. वारा बोचरा असतो, स्वेटर बॅगेत नव्हे तर अंगावर हवा. कुस्को आणि पुनो या दोन प्रांतांची सीमा इथेच आहे.

आणि पाण्याचीही. घाटाच्या अलीकडे पडलेला पाऊस विल्कानोतातून ॲमेझॉनला आणि तिथून अटलांटिक महासागराला मिळतो. पलीकडचा तितिकाकात जातो, आणि त्या पाण्याला समुद्र कधी भेटतच नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर एक थेंब कोकणात आणि दुसरा कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो हे आपण शाळेत शिकलो होतो. इथे ते पायाखाली आहे, हे गाइड सांगेलच असं नाही.

पुकारा गावातलं संग्रहालय टाळलं तर चालेल का?

दुपारी सगळे पेंगुळलेले असतात, म्हणून हा प्रश्न येतो. लहानसं आहे, अर्ध्या तासात होतं. इंकांच्या हजाराहून जास्त वर्षं आधी, इसवी सनाच्या आगेमागे, इथे एक मोठी संस्कृती होती. तिचे दगडी पुतळे आत ठेवले आहेत. त्यात कापलेलं मुंडकं हातात धरून बसलेला एक पुतळा आहे, त्याच्यासमोर पेंग उडते.

वाटेतलं हुलियाका शहर कसं आहे?

व्यापाराचं, धुळीचं, गर्दीचं शहर. बस थांबत नाही, वाहतुकीत अडकते मात्र हमखास.

तिकीट किती? आणखी काय खर्च होतो?

पर्यटक बसचं तिकीट साधारण ५० ते ७० डॉलरच्या दरम्यान पडतं, कंपनी आणि हंगामाप्रमाणे कमीजास्त. त्यात बहुधा गाइड आणि जेवण येतं. प्रवेशशुल्क बऱ्याचदा वेगळं असतं आणि ते रोख सोलमध्ये (पेरूच्या चलनात) द्यावं लागतं. कुस्कोमध्ये काढलेलं 'बोलेतो तुरिस्तिको' हे एकत्रित तिकीट चर्चला किंवा राक्चीला चालत नाही. आमच्या बसमधल्या निम्म्या लोकांची तिथेच अडचण झाली. सुटी नाणी जवळ ठेवा, स्वच्छतागृहासाठीही लागतात.

बसमध्ये स्वच्छतागृह असतं का?

असतं, पण फक्त लघवीपुरतं. प्रत्येक थांब्यावर सोय आहे. कागद स्वतःचा न्या.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम. आकाश निळंशार, ऊन प्रखर. पण जून-जुलैत पुनोची रात्र शून्याखाली जाते आणि बऱ्याच साध्या हॉटेलांत हीटर नसतो, तेव्हा खोली ठरवताना विचारा. जानेवारी-फेब्रुवारी भर पावसाचे महिने. पठार तेव्हा हिरवंगार असतं, दरडींचा धोका मात्र राहतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुनोत कांदेलारिया मातेचा उत्सव असतो. शेकडो नृत्यपथकं रस्त्यावर उतरतात. २०१४ साली युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या दिवसांत खोल्या फार आधी भरतात.

टोपी, गॉगल, सनस्क्रीन बाराही महिने. उंचीवरचं ऊन थंडीत कळत नाही, संध्याकाळी नाक सोलून निघतं.

रस्ता बंद होतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. या भागात आंदोलनाचं पहिलं हत्यार म्हणजे रस्ता रोको. डिसेंबर २०२२ पासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत देशात राजकीय संघर्ष पेटला होता, तेव्हा हा मार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि हुलियाकात माणसं मारली गेली. स्थानिकांच्या दृष्टीने ती अजून ओली जखम आहे. गप्पांत तो विषय निघाला तर ऐकून घ्या. आदल्या दिवशी हॉटेलात 'पारो (बंद, रस्ता रोको) आहे का?' एवढं विचारा. पुनोहून पुढचं विमान बसच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका, मध्ये एक मोकळा दिवस असू द्या.

लोकांचे फोटो काढलेले चालतात का?

विचारून. अल्पाका घेऊन उभ्या असलेल्या बायका आणि मुलं पैशांसाठीच उभी असतात, फोटो काढलात तर एक-दोन सोल द्या. राक्चीच्या बाजारात विकणाऱ्या बाईला काहीही न घेता कॅमेरा रोखलेला आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. 'सुल्पायकी' म्हणजे केचुआत आभारी आहे. आईने तो एकच शब्द पाठ केला होता. ज्या-ज्या बाईला ती तो म्हणाली, ती-ती हसली.

व्हिसा आणि लशीचं काय?

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडून खात्री करून मगच विमानाचं तिकीट काढा.

लशीचा मुद्दा मात्र बरेच जण विसरतात. पेरू पीतज्वराच्या देशांत मोडतो. तिथून थेट भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांनी त्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला हवा. आईच्या बाबतीत आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

पुनोला पोचल्यावर लगेच काय करायचं?

झोपायचं. उंची कुस्कोपेक्षा जास्त, दिवस दहा तासांचा. सरोवर दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. तोतोरा नावाच्या लव्हाळ्याची तरंगती उरोस बेटं आणि पुरुष जिथे विणकाम करतात ते ताकिले बेट, दोन्हींसाठी बोटी सकाळीच सुटतात.

आठवण म्हणून काय आणावं?

पुकाराचे मातीचे बैल, 'तोरितो'. नाव पुकाराचं असलं तरी घडवणारे कुंभार जवळच्या चेका पुपुहा गावचे. पुकाराच्या रेल्वे स्टेशनवर ते विकले जायचे म्हणून हे नाव पडलं. घराच्या आढ्यावर मधोमध क्रूस आणि दोन्ही बाजूंना असे दोन बैल बसवतात, घराला बरकत यावी म्हणून. सिकुआनीनंतर बसमधून छपरांकडे बघत बसा, जोडी जोडी दिसत जाते.

जोडीच घ्या, एकटा बैल घेऊ नका. स्वेटरमध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा, शिंगं आधी तुटतात. आमच्या जोडीतल्या एकाचं टोक तुटलंच. आईने ते घरी फेव्हिकॉलने चिकटवलं, आणि त्या श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला पाटावर आपल्या मातीच्या बैलांशेजारी या दोघांनाही मांडलं, हळदकुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला.